ब्रेकमास्तरांचा रुसवा

नर्सिंग कॉलेजात मानसोपचाराचा विषय शिकवणाऱ्या मॅडमना मुली पाठीमागे ‘गोळी मॅडम’ म्हणत, आणि मॅडमना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. राग यायचा तो फळ्यावर दुष्परिणामांची यादी लिहून पोरींकडून पोपटासारखी घोकून घेणाऱ्यांचा. “यादी परीक्षेपर्यंत टिकते, वॉर्डात पोचेपर्यंत गळून पडते,” असं म्हणायच्या, खडू खाली ठेवायच्या आणि सरळ गोळीच व्हायच्या.

गोळीच, पेशंट नाही. यावर त्या फार काटेकोर होत्या. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगायच्या, “पेशंटची नक्कल केलीत तर वर्गाबाहेर काढीन. आपण नक्कल करायची ती औषधाची. माणूस वेगळा, त्याचा आजार वेगळा, आणि गोळीने त्याचं जे काही केलंय ते वेगळं. हे तीन धागे ज्या पोरीला सुटे करता आले, ती नर्स झाली.” मग लगेच, वर्ग फार गंभीर झालेला त्यांना सोसत नसे म्हणून, कोटाच्या आत उशी कोंबून वजन वाढवणारी गोळी होऊन फिरायला लागायच्या.

तोंडाला कोरड पाडणारी गोळी शिकवायची तर मॅडम सुकी बिस्किटं तोंडात भरून, पाण्याला न शिवता, भाषण ठोकत. पहिल्या बाकावर भुग्याचा सडा पडे. लिथियमच्या तासाला काठोकाठ भरलेला ग्लास थरथरत्या हातात घेऊन बाकांमधून हिंडत आणि सांगत, “ही गोळी घेणाऱ्याने पाणी कमी केलं, मनानेच मीठ सोडलं, जुलाब अंगावर काढले, की ती रक्तात साठत जाते. हात जोरात कापायला लागला, चाल डगमगली, की थांबायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं.” एव्हाना निम्मा ग्लास कुणाच्या तरी वहीवर गेलेला असे. एका जागी बसूच न देणारी गोळी झाल्या की सबंध तास त्या खुर्चीत बसत, उठत, पुन्हा बसत. बद्धकोष्ठाचं मात्र त्या करून दाखवत नसत. “हे ज्याने त्याने मनातल्या मनात करावं,” म्हणत.

एकदा मान पिळवटणारी गोळी चालू होती. मॅडम टेबलावर आडव्या, मान एका बाजूला, डोळे छताला. तेवढ्यात हजेरीपट न्यायला शिपाई आला. त्याने जे पाहिलं त्याचा त्याच्या परीने अर्थ लावला आणि तो जो धावत सुटला तो थेट वॉर्डातून स्ट्रेचर घेऊनच परतला. मॅडमनी त्याला शाबासकी दिली, “एवढ्या तातडीनेच धावायचं असतं, कळलं का गं?” असं वर्गाला सुनावलं आणि आलेलं स्ट्रेचर वाया कशाला घालवा म्हणून उरलेला तास त्याच्यावर बसून घेतला.

परीक्षेत तर कहरच झाला. बाहेरच्या कॉलेजातून देखरेखीला आलेल्या सरांना दिसलं, की एक मुलगी मान वाकडी करतेय, दुसरी बाकाखाली पाय नाचवतेय, तिसरी अंगठा बोटावर घासतेय आणि मागची जीभ बाहेर काढून आत घेतेय. सरांची खात्रीच पटली, की ही खाणाखुणांची कॉपी आहे आणि सगळा वर्ग सामील आहे. त्यांनी प्राचार्यबाईंना बोलावलं. प्राचार्यबाई स्वतः कधीकाळी गोळी मॅडमच्या वर्गात बसलेल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “कॉपी नाही हो सर. त्या आठवतायत.”

या सगळ्या नाटकाची रंगीत तालीम घरी व्हायची, आणि तिला एकच प्रेक्षक असायचा. ते म्हणजे मॅडमचे मिस्टर. गृहस्थांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढला होता. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असे, म्हणून सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. त्यांचा आवाज असा, की ‘दाब!’ म्हणाले तर शेजारच्या गल्लीतली गाडी थांबावी. निवृत्त झाले तरी पायाची सवय गेली नव्हती. बसमध्ये बसले तरी उजवा पाय पुढच्या सीटखाली ब्रेक दाबत राही आणि ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मास्तर कधी उतरत नसत. हसणं तर असलं सातमजली, की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. मॅडम स्वयंपाकघरात मान वाकडी करून उभ्या राहिल्या की मास्तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत आणि मग वर सूचना करत, “मान ठीक आहे. डोळे लवकर खाली आणतेस. घाई करतेस तू.” मॅडम ती सूचना मानत. तीस वर्षांच्या संसारात मास्तरांच्या मानलेल्या सूचना म्हणाल तर एवढ्याच.

अशा माणसाचं हसणं गेल्या वर्षी बंद झालं.

मॅडमच्या हिशेबाने त्याचं कारण सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. मॅडम निवृत्त झाल्या की दोघांनी मुलीकडे जाऊन काही महिने राहायचं, असं ठरलेलं. पण प्राचार्यबाईंनी “आणखी दोन वर्षं राहता का?” विचारलं आणि मॅडम तिथल्या तिथे, खुर्चीतून उठायच्याही आत, हो म्हणून बसल्या. संध्याकाळी घरी येऊन मास्तरांना भीत भीत सांगितलं. मास्तर नुकतेच चक्करेच्या दुखण्यातून उठले होते. कानाच्या डॉक्टरांच्या गोळीने घर गरगरायचं थांबलं होतं, तरी अजून जपूनच वावरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं.”

एवढंच. जो माणूस चुकीच्या वळणावरून अर्धा तास भांडू शकतो, तो ‘बरं’ म्हणाला. 

तिथून पुढे मास्तरांनी जो अबोला धरला तो काही सुटेना. अबोला म्हणजे बोलत होते, पण इतकं हळू, की मॅडमना दर वेळी “काय म्हणालात?” विचारावं लागे. ‘मला वाकायला लावतायत,’ मॅडम मनात म्हणत. बाजारात जाताना पूर्वी चार पावलं पुढे असणारे मास्तर आता मुद्दाम मागे मागे, छोटी छोटी पावलं टाकत येत. सकाळी मॅडमची बसची वेळ झाली की हे शर्टाच्या एकाच बटणाशी खेळत बसत. किराण्याची यादी लिहून ठेवत ती अशा मुंगीएवढ्या अक्षरात, की मॅडमना चष्मा शोधून, तो पुसून, दिव्याखाली उभं राहून वाचावं लागे. ‘हा तर निव्वळ खवचटपणा झाला,’ असं मॅडमचं मत पडलं. आणि सगळ्यांत जिव्हारी लागलं ते बसमधलं. ड्रायव्हरने एकदा करकचून ब्रेक मारला, सगळे पुढे आदळले, तरी मास्तरांचा पाय हलला नाही की तोंडातून शब्द निघाला नाही. जिवाची पर्वा उरली नाही या माणसाला, इतका राग आहे माझ्यावर, असं वाटून मॅडमना रडूच कोसळलं.

त्यांनी उपाय थोडे केले नाहीत. आवडीचं करून वाढलं, मास्तरांनी ते निर्विकार चेहऱ्याने खाल्लं. नवीन शर्ट आणला, त्याची बटणं जुन्याहून घट्ट निघाली. मग त्या स्वतःच रुसून पाहिल्या, पण समोरचा आधीच रुसलेला असला की आपल्या रुसण्याची कुणी दखल घेत नाही. तालीमही करून पाहिली. एकदा जीव तोडून मान पिळवटली, डोळे अगदी सावकाश खाली आणले. मास्तर समोर बसून एकटक बघत राहिले, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या दिवसापासून मॅडम आतल्या खोलीत दार लावून, आरशासमोर तालीम करू लागल्या. आरसा निदान रागावून बघत नाही.

“पुरुषाची जातच असली,” फोनवर मोठ्या बहिणीने निकाल दिला. “तू नोकरी सोड, दोन दिवसांत हसायला लागतात की नाही बघ.”

“अगं ताई, पण वर्गाशिवाय मी करू काय घरी?”

“नवरा हवा की वर्ग हवा, ते ठरव आधी.”

मॅडमनी पंधरवडाभर विचार केला आणि ठरवलं, नवरा. शिकवल्याशिवाय आपण वाळून जाऊ हे त्यांना कळत होतं. पण त्या हसण्याशिवाय घर म्हणजे नुसत्या भिंती, हेही त्यांना कळून चुकलं होतं. “शुक्रवारी तास झाला की तुमच्याशी बोलायचंय,” असं त्यांनी प्राचार्यबाईंना सांगून ठेवलं. मास्तरांना मात्र सांगितलं नाही. सोडून आल्यावर एकदम सांगायचं आणि चेहरा बघायचा, असा बेत होता.

शुक्रवारी गडबडीत चष्मा घरीच राहिला. मॅडमनी कॉलेजातून फोन केला, “अहो, कुणाबरोबर पाठवता का?” पलीकडून बारीक आवाज आला, “बरं.”

त्या दिवशीचा धडा होता मनाच्या आजारावरच्या जुन्या, कडक गोळ्यांचा. बिनचष्म्याचं वाचता येत नव्हतं, पण मॅडमना वाचायची गरजच काय? त्या वर्गाच्या मधल्या वाटेतून दाराकडे पाठ करून फळ्याच्या दिशेने चालू लागल्या. पाठ वाकलेली, हात अंगाला चिकटलेले, पावलं जमिनीवरून घासत. मनात शेवटचा तास असल्याचं घोळत होतं, त्यामुळे आज अंगात जरा जास्तच संचारलं होतं.

“बघा,” त्या खालच्या पट्टीत म्हणाल्या, “चेहरा मुखवट्यासारखा. आत सगळं चालू आहे, बाहेर काही येत नाही. हात हलत नाहीत. आवाज बसतो. अक्षर बारीक होतं. बटण लावायला युग जातं. घरचे काय म्हणतात? आळशी झालाय. आपण रिपोर्टात काय लिहितो? हट्टी आहे, सहकार्य करत नाही. खबरदार! हट्टी लिहिण्याआधी औषधांचा डबा उघडून बघायचा.”

एरवी या वाक्याला वर्ग माना डोलावत असे. आज वर्ग मॅडमकडे बघतच नव्हता. सगळे डोळे त्यांच्या खांद्यावरून मागे लागले होते. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने टाळी वाजवली, दुसरीने वाजवली आणि बघता बघता सगळ्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

मॅडमनी वळून पाहिलं. मधल्या वाटेतून, अगदी त्यांच्याच चालीने, मास्तर येत होते. पाठ वाकलेली. हात अंगाला चिकटलेले. एका हातात चष्म्याचं घर, आणि मोकळ्या हाताचा अंगठा बोटावर गोळी वळल्यासारखा फिरतोय. पावलं फरशीवरून घासत, खस खस खस.

“मॅडम, तुम्ही सरांनासुद्धा तयार केलंत आमच्यासाठी?” पहिल्या बाकावरची चित्कारली.

“आणि चेहरा तुमच्यापेक्षा भारी जमलाय,” मागून कुणीतरी म्हणालं. “तुम्हाला मध्येच हसू फुटतं.”

मास्तरांनी चष्मा पुढे केला आणि जायला वळले. वळले म्हणजे काय, जड कपाट कोपऱ्यातून फिरवतात तसे थोडे थोडे करून फिरले. वर्गाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

वर्षभराचा सगळा पुरावा, बटणं, मुंगीची अक्षरं, मागे पडणारी पावलं, बसमधला तो न हललेला पाय, एकामागून एक मॅडमच्या डोळ्यांपुढून गेला. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना झाला तो आनंद. निव्वळ, निर्लज्ज आनंद! हा माणूस रुसलेला नाहीये! नवऱ्याला दुष्परिणाम झालाय हे पाहून जिला नाचावंसं वाटलं, अशी बायको दुसरी नसेल. तो आनंद ओसरला तशी मागून लाज आली, आणि ती मात्र चांगली ठाण मांडून बसली.

“थांबा हो जरा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांना धरून खुर्चीत बसवलं. त्यांचा हात हातात घेऊन कोपरात हलकेच वाकवला. हात दात्यांच्या चाकासारखा अडखळत अडखळत वाकला. सवयीनेच त्यांनी वर्गाला विचारलं, “आता पहिला प्रश्न काय?”

“कोणती गोळी चालू आहे?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

“मॅडम, चक्करेचीसुद्धा विचारायची ना?” पहिल्या बाकावरची म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत, या गोळ्यांची एक चुलत बहीण चक्कर आणि उलटीच्या खात्यात नोकरी करते. खातं वेगळं, स्वभाव तोच.”

हे वाक्य मॅडम दर बॅचला सांगत आल्या होत्या. आणि ती चुलत बहीण त्या स्वतःच्या हाताने, गेलं वर्षभर, दर रविवारी मास्तरांच्या औषधांच्या डब्यात भरत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस घ्या आणि दाखवायला या. चक्कर थांबली, मग दाखवायला कोण जातं? गोळ्या संपल्या की मॅडमच येताना नवं पाकीट आणत.

“विचारायची,” मॅडम म्हणाल्या आणि बाकावर, मुलींच्या शेजारी, मटकन बसल्या. “आणि घरी विचारायची आधी.” एवढं बोलून त्या सगळ्यांदेखत रडल्या. हे नाटक नाही, हे वर्गाच्या लक्षात यायला अंमळ वेळच लागला.

प्राचार्यबाईंनी दुपारी विचारलं, “तुम्ही काहीतरी बोलणार होतात?”

“हो. अर्धा दिवस सुट्टी हवीय,” मॅडम म्हणाल्या, आणि मास्तरांना घेऊन त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासलं, दुसरं काही नाही ना याची खात्री करायला चाचण्या सांगितल्या आणि ती गोळी बंद केली. “उतरेल, पण सावकाश. महिने लागतील. थोडं राहूनही जाईल कदाचित.” हे सगळं मॅडम स्वतः शिकवत असत. तरीही त्यांनी “पण उतरेल ना?” हे पुन्हा पुन्हा विचारलं, आणि डॉक्टरांनीही ते न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मॅडमनी धीर करून विचारलं, “मी नोकरी वाढवून घेतली म्हणून तुम्ही रागावला नव्हतात ना?”

मास्तरांना उत्तर द्यायला दोन थांबे लागले. “रागावू कशाला?” ते बारीक आवाजात म्हणाले. “तू घरी बसली असतीस... तर वर्ग मीच... झालो असतो.”

पुढचे काही महिने मॅडमनी मास्तरांवर पाळत ठेवली. जरा काही हललं की बहिणीला फोन. यादीतली मुंगी आधी डोंगळ्याएवढी झाली, मग माणसाच्या अक्षरात आली. शर्टाची बटणं मॅडमच्या बसआधी लागू लागली. मग एके दिवशी बसने गचका दिला आणि मास्तरांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दाणकन आदळला. “झोप झाली नाही का तुमची?” ते ड्रायव्हरवर खेकसले. मॅडमनी भर बसमध्ये त्यांचा हात धरला. ड्रायव्हरला वाटलं, बाई नवऱ्याला आवरतेय.

हसणं मात्र काही येईना. मॅडम वाट बघत राहिल्या. विनोद सांगून पाहिले नाहीत, कारण न हसल्याचं बघवलं नसतं.

नवी बॅच सुरू व्हायची होती. मॅडम स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या आणि हात काम करत असताना नकळत पाय एकाच जागी बसूच न देणारी गोळी करायला लागले. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, उठल्या, बसल्या. तेवढ्यात स्टूल सरकलं आणि मॅडम हातातल्या पातेल्यासकट खाली बसल्या. आणि त्यांच्या मागे, दारातून, आधी घरघर झाली, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग ते हसणं आलं. सातमजली नव्हतं, तीनच मजले होते, पण भिंतीवर शेजारणीची थाप पडलीच.

“हसलात!” मॅडम जमिनीवरूनच ओरडल्या. “अहो, हसलात तुम्ही!”

“त्यात काय?” मास्तर डोळे पुसत म्हणाले. “मी रोजच हसत होतो.”

“कधी? वर्षभर तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.”

“चेहऱ्यावर येत नव्हतं. आत येत होतं. तू ती मान वाकडी केलीस, डोळे सावकाश खाली आणलेस, त्या दिवशी तर मला हसून हसून मरायला झालं होतं. मला वाटलं, तुला दिसतंय.”



“मग तू दार लावून घ्यायला लागलीस,” मास्तर म्हणाले. “मी बाहेर खुर्ची घेऊन बसायचो. नुसता पावलांचा आवाज यायचा. म्हटलं, ही रुसलीय माझ्यावर. आता मला दाखवायचं नाही असं ठरवलंय हिने.”

मॅडमनी पातेलं बाजूला ठेवलं. उठल्या आणि नाक पुसलं. मग मास्तरांना हाताला धरून स्टुलावर बसवलं, समोर मधोमध उभ्या राहिल्या आणि वर्षभरात दाराआड केलेलं सगळं पहिल्या गोळीपासून दाखवायला लागल्या.